गट फुटला तर हरकत कशी लिहायची

जिल्हा परिषद सदस्याचा मतदारसंघ म्हणजे गट आणि पंचायत समिती सदस्याचा म्हणजे गण. त्यांची प्रारूप, म्हणजे कच्ची, रचना लागली की पोरं आधी नकाशाचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवतात आणि त्यावर भांडतात. त्यात दोन दिवस जातात. 2025 मध्ये जिल्हा परिषदेची प्रारूप रचना 14 जुलैला आली आणि हरकतीची मुदत 21 जुलैला संपली. ऐन डवरणीचे दिवस. म्हणून नकाशा राहू द्या, गावांची यादी घ्या. आपलं गाव कोणत्या गटात, कोणत्या गणात आणि सोबत कोण, एवढं आधी बघा.

मी यवतमाळ जिल्ह्यातला निवृत्त ग्रामसेवक. दारव्हा तालुक्यातले लोक अजूनही कागद घेऊन येतात. बहुतेक अर्जांत एकच मजकूर असतो, ‘आमच्या गावावर अन्याय झाला.’ झालाही असेल, पण या वाक्यानं सुनावणीत काहीच हलत नाही. रचना कशी करतात ते समजून घ्या, म्हणजे बोट कुठे ठेवायचं ते कळेल. आकडे 2011 च्या जनगणनेचे, मतदारयादीचे नव्हे. गट तालुक्याबाहेर जात नाही. एका गटात दोन गण. गावं जोडायला उत्तरेकडून सुरुवात करून, नागमोडी फिरत, दक्षिणेकडे शेवट करायचा. ग्रामपंचायत शक्यतो तोडायची नाही, आणि नदी, नाले, रस्ते ध्यानात घ्यायचे.

आता समजा, तुमचा बाजार, दवाखाना आणि निम्मी सोयरीक एका गावाशी, आणि गण जोडला नाल्यापलीकडच्या गावाशी. अर्जात सोयरीक लिहू नका, नाला लिहा. पुराच्या दिवसांत पूल पाण्याखाली जातो का, मग फेरा किती किलोमीटरचा, एसटी कुठून येते, हे लिहा. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचंच असतं. ते एका सदस्याच्या गटात आणि तुमचं गाव दुसऱ्याच्या गटात गेलं, तर औषध नाही म्हणून कोणाला धरायचं? हा मुद्दा लोक विसरतात. खरं तर गावाचं दुखणं तेच असतं, फक्त ते सरकारी भाषेत मांडावं लागतं.

यानंतरचं काम किचकट आहे आणि बहुतेक हरकती इथंच पडतात. तुमचं 1,840 लोकवस्तीचं गाव त्या गटातून काढलं, तर तिथला खड्डा कोण भरणार? जवळपास तेवढ्याच लोकसंख्येचं, हद्दीला लागून असलेलं गाव सुचवा. दोन्ही गटांची आधीची आणि नंतरची बेरीज तक्त्यात मांडा. त्या दुसऱ्या गावच्या सरपंचाकडे आधी जाऊन चहा घ्या. नाहीतर सुनावणीला तोच समोर उभा राहून म्हणतो, “काहून बाप्पा, आमालेच काहून हाकलता?” त्याचा संमतीचा ठराव जोडता आला तर उत्तम.

अर्ज मुदतीत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि पोच घ्या. आमची सुनावणी अमरावतीला विभागीय आयुक्तांकडे असते. तिथं बोलायला फार वेळ मिळत नाही, तेव्हा एकच माणूस बोलू द्या, तोही पुढारी नको. आरक्षणाची तक्रार यात मिसळू नका, ती प्रक्रिया वेगळी.

ग्रामपंचायतीच्या प्रभागात मात्र गावच आतून कापलं जातं. कोलामांचा पोड, म्हणजे त्यांची वस्ती, किंवा तांड्याची वस्ती दोन प्रभागांत वाटली गेली असेल, तर घरांच्या ओळी दाखवणारा हातानं काढलेला नकाशा जोडा. वाटलेली वस्ती कुठेच निवडून येण्याएवढी उरत नाही.

विधानसभेचं गणित याहून मोठं. 2008 च्या पुनर्रचनेत विदर्भाच्या जागा 66 वरून 62 झाल्या. दारव्हा नावाचा मतदारसंघ गेला आणि आम्ही दिग्रसचे झालो. लोकसभेत वाशिमचं नाव यवतमाळच्या मागे जोडलं गेलं. म्हातारे अजून ‘आपला दारव्हा मतदारसंघ’ म्हणतात. पुनर्रचनेच्या आदेशांविरुद्ध कोर्टातही फारसा आधार मिळत नाही, आणि विधानसभा-लोकसभेच्या रचनेतही सगळं डोकी मोजूनच ठरतं.

तेव्हा तयारी जनगणनेपासून करा. माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये आहे, आणि तेव्हा तांड्यातली निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली असतात. ग्रामपंचायतीनं कुलूपबंद घरांची यादी जानेवारीतच करावी, मुकादमांचे फोन नंबर घ्यावेत आणि मोजणीच्या दिवसांत कोण गावी येऊ शकतं ते विचारून ठेवावं.