कारखान्यात बांधलेलं घर सरकारी मदतीवर घेताना: अमेरिकेतल्या खरेदीची तयारी

अमेरिकेत कारखान्यातून येणारी घरं दोन प्रकारची असतात. पुढचा सगळा कागदव्यवहार या फरकावर ठरतो, म्हणून आधी तो समजून घ्या. मॅन्युफॅक्चर्ड होम 'हड' या केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या नियमांनुसार बांधलेलं असतं आणि त्याच्या तळाशी कायमची पोलादी चासी असते. मॉड्युलर घराचे भागही कारखान्यातच तयार होतात, पण ते राज्याच्या आणि स्थानिक बांधकाम नियमांप्रमाणे. त्यामुळे कर्ज देणारे त्याला जागेवर बांधलेल्या घरासारखंच वागवतात. डीलर तोंडाने 'मॉड्युलर' म्हणतो, यावर विसंबू नका. घराला बाहेरून एक चक्कर मारा.

मॅन्युफॅक्चर्ड घराच्या प्रत्येक भागावर, बाहेरच्या बाजूला, साधारण 2 इंच बाय 4 इंचांची लाल धातूची पट्टी ठोकलेली असते. घर दोन भागांचं असेल तर पट्ट्याही दोन हव्यात. आत स्वयंपाकघराच्या कपाटात, विजेच्या पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या क्लॉझेटमध्ये डेटा प्लेट चिकटवलेली असते. तिच्यावर अनुक्रमांक, बांधणीची तारीख आणि हे घर किती वारा, किती बर्फ सोसू शकतं ते लिहिलेलं असतं. दोन्हींचे स्पष्ट फोटो काढा. घर 15 जून 1976 च्या आधीचं निघालं तर ते हडच्या नियमांआधीचं आहे आणि त्यावर एफएचएचं (हडच्या अखत्यारीतली, गृहकर्जांना विमा देणारी संस्था) कर्ज मिळणार नाही. वाऱ्याचा विभागही तपासा: वाऱ्याच्या जोरानुसार हडने देशाचे तीन विभाग पाडले आहेत, आणि 3 मध्ये वारा सगळ्यात जोरदार. विभाग 1 साठी बांधलेलं घर विभाग 2 किंवा 3 मध्ये बसवता येत नाही, आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर हाच मुद्दा आडवा येतो. नवं साइडिंग, म्हणजे भिंतींचं बाहेरचं आवरण, लावताना लाल पट्ट्या काढून फेकलेल्या असतात, असं जुन्या घरांत सर्रास दिसतं. हड पट्टी पुन्हा देत नाही. तिच्याऐवजी पडताळणीचं पत्र मिळतं. ते विक्रेत्याने आणायचं, आणि तेही ऑफर देण्याआधी.

आता जमीन. आमच्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण घर पसंत पडल्यावर जमिनीचा प्रश्न निघाला की माणूस तडजोडी करू लागतो. सेक्शन 8 च्या व्हाउचरवर, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना घरखर्चासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीवर, घर विकत घ्यायचं असेल आणि जमीन तुमची नसेल, तर घर कायमच्या पायावर असावं लागतं आणि त्या जागेवर किमान 40 वर्षं राहण्याचा हक्क कागदावर हवा. मोबाइल होम पार्कमधले करार बहुधा वर्षाचे किंवा महिन्या-महिन्याचे असतात, म्हणून पार्कमधली बहुतेक घरं इथेच गळतात. अशा वेळी वेगळा रस्ता आहे: घर तुमच्या मालकीचं असेल आणि फक्त जागा भाड्याची, तर व्हाउचर त्या जागेच्या भाड्यासाठी वापरता येतं का, हे हाउसिंग अथॉरिटीला, म्हणजे व्हाउचर देणाऱ्या स्थानिक संस्थेला, विचारा. एफएचएच्या टायटल 1 या कर्जप्रकारात भाड्याची जागा चालते, पण करार सुरुवातीला किमान 3 वर्षांचा हवा आणि पार्क बंद होणार असेल तर 180 दिवस आधी नोटीस मिळेल, असं त्यात लिहिलेलं हवं. टायटल 2, म्हणजे नेहमीच्या एफएचए कर्जात, घर आणि जमीन मिळून एकच स्थावर मालमत्ता व्हावी लागते. घर किमान 400 चौरस फुटांचं लागतं, आणि आधी दुसऱ्या जागी बसवून मग उचलून आणलेलं चालत नाही. घर आजवर कुठेकुठे उभं होतं, ते म्हणूनच विचारून घ्या.

पाया कायमचा आहे, असं सांगणारं पत्र त्या राज्यात परवाना असलेल्या इंजिनिअरने, त्याच जागेसाठी दिलेलं हवं. कंपनीचा छापील नकाशा चालत नाही. स्कर्टिंगचं, म्हणजे घराखालची मोकळी जागा झाकणाऱ्या आवरणाचं, एक पॅनेल काढून आत टॉर्च मारा. मातीवर नुसत्या रचलेल्या काँक्रीट ब्लॉकच्या थप्प्या आणि घर जमिनीला बांधणारे दोन-चार पट्टे दिसले, तर तो कायमचा पाया नव्हे. फूटिंग, म्हणजे पायाचा सगळ्यात खालचा भाग, जमीन गोठते त्या पातळीच्या खाली गेलेलं हवं, नाहीतर हिवाळ्यात माती फुगून घर उचललं जातं आणि वसंतात दारं अडकू लागतात. चाकं, आस आणि ओढायचा दांडा काढलेला हवा. जमिनीवर प्लास्टिकचा थर आहे का, पहिल्या 10 फुटांत दर फुटाला अर्धा इंच उतार घरापासून बाहेर जातो का, तेही बघा. मागून जोडलेल्या व्हरांड्याचं वजन घराच्या भिंतीवर टाकलेलं असेल, तर इंजिनिअर बहुधा तिथेच अडून बसतो.

व्हाउचरवर घर खरेदीची योजना प्रत्येक हाउसिंग अथॉरिटी चालवतेच असं नाही, म्हणून पहिला फोन त्यासाठी करा. साधारणपणे घरात कुणाची तरी वर्षभराची पूर्ण वेळ, म्हणजे आठवड्याला सरासरी 30 तासांची नोकरी, गेल्या 3 वर्षांत स्वतःचं घर नसणं आणि खरेदीपूर्व समुपदेशन लागतं. वृद्ध आणि अपंग कुटुंबांना नोकरीची अट नाही. तपासण्या दोन होतात: एक अथॉरिटीची, दुसरी तुम्ही पैसे देऊन नेमलेल्या स्वतंत्र निरीक्षकाची. तपासणी समाधानकारक नसेल तर खरेदीचं बंधन नाही आणि दुरुस्तीचा खर्च तुमच्यावर नाही, ही वाक्यं विक्रीकरारात आहेत का, सही करण्याआधी वाचा. कर्ज 20 वर्षांचं किंवा त्याहून मोठं असेल तर व्हाउचरची मदत जास्तीत जास्त 15 वर्षं, नाहीतर 10. वृद्ध आणि अपंगांना ही मर्यादा नाही.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आपल्या मंडळींनी एक लक्षात ठेवावं: 25 मे 2025 पासून एफएचएची कर्जं ग्रीन कार्ड नसलेल्या तात्पुरत्या रहिवाशांना मिळत नाहीत, आणि व्हाउचरसाठीही हा व्हिसा चालत नाही.

ग्रामीण भागात असाल तर यूएसडीए या केंद्रीय कृषी खात्याच्या सेक्शन 502 गृहकर्जाची चौकशी करा. डाउन पेमेंट लागत नाही, पण घराच्या वयाबद्दलच्या अटी कडक आहेत, म्हणून बांधणीची तारीख सांगूनच विचारा.

शेवटी टायटल, म्हणजे मालकीचा दाखला (वरच्या टायटल 1 आणि 2 कर्जांशी याचा संबंध नाही). हे घर मुळात गाडीसारखं नोंदलेलं असतं. ते टायटल परत करून घर जमिनीबरोबर काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनात, नोंदवून घ्या, नाहीतर विमा, कर आणि पुढची विक्री, तिन्ही अडतात. नव्या घरात काही दोष दिसला, तर पहिल्यांदा बसवल्यापासून 1 वर्षाच्या आत बांधणाऱ्या कंपनीला, डीलरला आणि बसवणाऱ्याला लेखी कळवा, फोटो आणि तारखेसह. हडच्या तंटा-निवारण व्यवस्थेत जायचं असेल तर ही मुदत पाळलेली असावी लागते.