स्क्वॉटचं वजन अडकलंय? आधी सेट मोजा

स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), बेंच (पाठीवर पडून बार वर ढकलणं) किंवा डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) महिनाभर एकाच वजनावर अडकलं की बहुतेक जण दोन सेट वाढवतात. सेट म्हणजे न थांबता सलग मारलेले रेप्स, आणि रेप म्हणजे एक उचल. पण आधीचा थकवा उतरलेलाच नसेल, तर कमावलेली ताकद बारवर दिसत नाही आणि वाढीव सेट ती आणखी झाकतात.

वही काढा. मागच्या चार आठवड्यांतले जड सेट मोजा. वॉर्मअप धरू नका. जड सेट म्हणजे ज्याच्या शेवटी अंगात फार तर तीन रेप्स शिल्लक असतात. आठवड्याला स्क्वॉटचे 6 ते 8, बेंचचे 8 ते 12 आणि डेडलिफ्टचे 3 ते 5, इथून सुरुवात करा. डेडलिफ्ट कमी, कारण कंबर स्क्वॉटमध्येही राबलेली असते.

स्क्वॉटमध्ये 110 किलोवर जेमतेम 5 रेप्स निघत असतील, तर सोमवारी 100 किलोवर 5 रेप्सचे 3 सेट, गुरुवारी 90 किलोवर 8 रेप्सचे 3. दोन सेटमध्ये 3 ते 5 मिनिटं थांबा. सगळं स्वच्छ निघालं तर पुढच्या आठवड्यात दोन्ही बाजूंना सव्वा किलोची प्लेट. वजन वाढवलं त्या आठवड्यात सेट वाढवायचे नाहीत, नाहीतर थकवा कशाने आला ते कळणार नाही.

एखादा दिवस वाईट गेला तर सोडून द्या. मात्र सलग दोन वेळा वॉर्मअपचंच वजन सावकाश उठत असेल, झोप मोडत असेल, सकाळची नाडी नेहमीपेक्षा 5-10 ठोके जास्त असेल, तर वजन तेच ठेवून एक तृतीयांश सेट कापा. तरीही फरक पडला नाही तर आठवडाभर डिलोड: सेट निम्मे, वजन 10 टक्के कमी. तसाही दर 4 ते 6 आठवड्यांनी तो घ्यावाच. त्या आठवड्यात मोकळा वेळ मिळाला म्हणून धावणं किंवा मशीनचे व्यायाम घुसवले, तर डिलोड वाया जातो.

नागपूरच्या मे महिन्याचा हिशेब वेगळा. पारा 45 च्या आसपास, नवतप्यात (मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) रात्रीही कूलर गरम हवा फेकतो आणि झोप पाच तासांवर येते. टिनाच्या छपराखाली संध्याकाळी जड स्क्वॉट नकोच. पहाटे साडेपाचला उरका. व्यायामाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी आणि मीठ घातलेलं ताक थोडं थोडं घ्या. या दिवसांत सेट एक तृतीयांशाने कमीच ठेवा.

प्रथिनं दिवसाला शरीराच्या दर किलोमागे 1.6 ते 2.2 ग्रॅम, 70 किलोच्या माणसाला साधारण 110 ते 150. तर्री पोह्याने पोट भरतं, प्रथिनं फारशी मिळत नाहीत. सोबत तीन अंडी घेतली तर 18 ग्रॅमच्या आसपास, आणि 50 ग्रॅम कोरड्या सोया चंक्समधून सुमारे 25 ग्रॅम मिळतात.

पाऊस लागून रात्री थंडावल्या, सलग आठवडाभर सात तास झोप झाली, की कापलेले सेट परत आणा. आठवड्याला प्रत्येक लिफ्टचा एकच.