पापलेट नेमकं कोणतं? डीएनए बारकोडने मासा ओळखताना

2023 मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्यमासा ठरवलं. पुस्तकांतून त्याचं शास्त्रीय नाव वर्षानुवर्षं पॅम्पस आर्जेन्टियस असंच छापलं गेलं. डीएनए आणि शरीररचना दोन्ही ताडून पाहिल्यावर मात्र आपल्या किनाऱ्यावरचं रुपेरी पापलेट वेगळं निघालं: पॅम्पस कँडिडस. यातलं कँडिडस हे नाव फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने 1829 मध्येच दिलेलं होतं. बाजारातल्या माशाचं नाव ज्यांना स्वतः तपासायचं आहे, त्यांच्यासाठी डीएनए बारकोडची ही पद्धत: एका ठरलेल्या जनुकाच्या छोट्या भागातला बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) क्रम वाचायचा आणि आधी नोंदलेल्या माशांच्या क्रमांशी ताडून पाहायचा. थर्मोसायकलर (नळ्यांचं तापमान ठरल्याप्रमाणे वर-खाली करणारं यंत्र) असलेल्या कोणत्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती जमते.

सगळ्यात जास्त चुका प्रयोगशाळेत जाण्याआधीच होतात. मासा अख्खा घ्या. पट्टी शेजारी ठेवून डाव्या बाजूचा फोटो काढा, नंबर द्या, कुठल्या बंदरावर उतरला ते लिहा. टोपलीतल्या बर्फात आणि बुळबुळीत थरात इतर माशांचा डीएनए मिसळलेला असतो, म्हणून वरची कातडी बाजूला करून आतल्या स्नायूचा मुगाच्या दाण्याएवढा तुकडा उजव्या बाजूने कापा. दर माशाला नवं पातं वापरा. तुकड्याच्या निदान दहापट शुद्ध इथेनॉल घ्या आणि दुसऱ्या दिवशी ते बदला, कारण मांसातलं पाणी उतरून अल्कोहोल पातळ होतं. मग उणे 20 अंशांवर ठेवा. फॉर्मलिन अख्ख्या माशासाठी चालेल, पण तुकडा काढून झाल्यावरच. फॉर्मलिनने डीएनएचे धागे प्रथिनांशी जखडतात आणि तुटतात. मासा टाकून मात्र देऊ नका. पुढे नावावर शंका आली तर पराचे काटे मोजायला तोच लागणार आहे.

डीएनए काढताना तुकडा आधी टिपकागदावर कोरडा करा. 20 ते 25 मिलिग्रॅम ऊतीला 180 मायक्रोलिटर लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण) आणि 20 मायक्रोलिटर प्रोटिनेज-के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम, 20 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर) घालून 56 अंशांवर द्रव नितळ होईपर्यंत ठेवा. रात्रभर ठेवलं तरी चालतं. पुढचं काम कॉलम किटच्या (डीएनए गाळणीवर धरून धुण्याचा तयार संच) पत्रकाप्रमाणे. शेवटच्या धुण्यानंतर कॉलम एकदा रिकामा फिरवायला विसरू नका. अल्कोहोल उरलं तर पीसीआर (डीएनएच्या हव्या भागाच्या असंख्य प्रती काढणारी प्रक्रिया) अडतो, आणि तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलमध्ये भरलेला नमुना खळग्यात न बसता वर तरंगून निघून जातो.

माशांसाठी मायटोकॉन्ड्रियातलं सीओआय जनुक घेतात, सुमारे 655 बेसचा भाग. फिश-एफ1 आणि फिश-आर1 हे प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) वॉर्ड या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 207 प्रजातींवर वापरले. 25 मायक्रोलिटरची प्रक्रिया अशी जुळवा: दुप्पट तीव्रतेचं मास्टर मिक्स (एन्झाइम आणि इतर घटकांचं तयार मिश्रण) 12.5, प्रत्येक प्रायमर (10 मायक्रोमोलर) 1, डीएनए 1 ते 2, बाकी पाणी. 95 अंशांवर 2 मिनिटं. मग 94 वर 30 सेकंद, 54 वर 30 सेकंद, 72 वर 1 मिनिट अशी 35 आवर्तनं. शेवटी 72 वर 10 मिनिटं. एका नळीत डीएनएऐवजी पाणी घाला. त्या नळीत पट्टा उमटला तर त्या दिवसाचा एकही निकाल धरू नका आणि पाणी, प्रायमर नवे उघडा.

1.5 टक्के अ‍ॅगरोजच्या जेलवर 700 बेसच्या आसपास एकच ठळक पट्टा हवा. काहीच दिसत नसेल तर डीएनए वाढवण्याऐवजी दहापट पातळ करून पाहा. बऱ्याचदा डीएनए पुरेसा असतो, सोबत आलेली अशुद्धी एन्झाइमला अडवते. एकाहून जास्त पट्टे आले तर 54 चे 56 अंश करा. शिजवलेल्या किंवा डबाबंद माशात लांब तुकडे शिल्लक नसतात, तिथे 100 ते 200 बेसचा मिनी-बारकोड घ्यावा लागतो.

सँगर वाचन (बेसचा क्रम एकेक करून वाचणं) दोन्ही दिशांनी करून घ्या. टोकांचे धूसर बेस छाटा आणि आलेख डोळ्यांनी तपासा; त्यात दर बेसला एक शिखर असतं. जागोजाग एकावर एक दोन शिखरं दिसली तर दोन माशांचा डीएनए मिसळला आहे, किंवा केंद्रकात शिरलेली जनुकाची जुनी प्रत वाचली गेली आहे. नंतर क्रमाचं प्रथिनात भाषांतर करा, पण जेनेटिक कोडचा तक्ता 2 (पृष्ठवंशी प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचा) निवडून. तक्ता 1 (नेहमीचा) तसाच राहिला तर टीजीए हा कोडॉन (तीन बेसचा गट) खोटा थांबा दाखवतो. योग्य तक्ता आणि योग्य वाचनचौकट असूनही मध्येच थांबा आला, तर तो क्रम वापरू नका.

आता नाव. क्रम ब्लास्टमध्ये (जेनबँक या सार्वजनिक डीएनए-साठ्यात जुळणारे क्रम शोधणारं साधन) आणि बोल्डमध्ये (बारकोडांचा साठा) टाका, पण पहिल्या ओळीत आलेलं नाव उचलू नका. जेनबँकेत भारतीय पापलेटांचे जुने क्रम आर्जेन्टियस नावाने आहेत. तुमचा मासा त्यांच्याशी 99 टक्क्यांहून जास्त जुळेल, आणि तरीही नाव चुकेल. प्रत्येक जुळणीचा मासा कुठला, संग्रहालयात ठेवलेला आहे का, कोणी ओळखला, हे उघडून बघा. वॉर्ड यांच्या माशांत एका प्रजातीच्या आत सरासरी 0.39 टक्के आणि एका प्रजातिवंशातल्या (जीनस, जसा पॅम्पस) प्रजातींमध्ये सरासरी 9.93 टक्के अंतर होतं. ही सरासरी आहे. 2 किंवा 3 टक्क्यांची सरसकट सीमा धरून प्रजाती पाडू नयेत.

म्हणून झाड काढा, म्हणजे कोणता क्रम कोणाला जवळचा ते दाखवणारी वंशावळ. भारत, इराणचं आखात, चीन आणि जपान इथले पॅम्पसचे क्रम, सोबत त्याच वंशातल्या पॅम्पस चायनेन्सिस या दुसऱ्या प्रजातीचे, मॅफ्ट या संगणक-प्रणालीत एकाखाली एक लावा. झाड काढणाऱ्या आयक्यू-ट्री या प्रणालीत कोडॉनच्या तीन स्थानांना वेगळं मॉडेल द्या, कारण तिसरं स्थान फार झपाट्याने बदलतं. 1000 अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप (फांद्या किती भरवशाच्या ते तपासणाऱ्या फेरचाचण्या) घ्या. 95 टक्क्यांहून कमी आधार असलेल्या फांदीवर विसंबू नका. झाडाचं मूळ ठरवायला बाह्यगट (तुलनेसाठी घेतलेला गटाबाहेरचा मासा) म्हणून हलवा घेण्याचा मोह होतो, कारण इंग्रजीत त्यालाही काळं पापलेटच म्हणतात. पण हलवा कॅरँजिडी कुळातला आहे, आणि पापलेट त्याच्यापेक्षा बांगड्याला जवळचं आहे. तेव्हा बाह्यगट बांगड्याच्या बाजूचा निवडा.

सीओआय फक्त आईकडून येतं. दोन प्रजातींचा संकर झाला असेल तर तो या जनुकात दिसणार नाही, त्यासाठी रॅग1 सारखं केंद्रकातलं जनुकही वाचावं लागतं. क्रम जमा करताना माशाचा नंबर, फोटो, ठिकाण आणि मूळ आलेखाच्या फायली बोल्डवर एकत्र चढवा, आणि मासा 70 टक्के अल्कोहोलमध्ये मान्यताप्राप्त संग्रहात नोंदवा. नमुना परदेशी पाठवायचा असेल तर आधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे परवानगीची चौकशी करा.