समयराग ऐकताना या चुका टाळा

समयराग म्हणजे ठरावीक वेळी गायचे-ऐकायचे राग. सकाळी भैरव, तिन्हीसांजेला मारवा, मध्यरात्री दरबारी असा त्यांचा तक्ता कुठूनतरी हाती लागतो. माणूस उत्साहाने गजर लावून ऐकायला बसतो आणि आठ-दहा दिवसांत कंटाळतो. राग वेळेवर लावला तरी ती वेळ काही कानाला जाणवत नाही. माझ्याकडे येणाऱ्या नव्या श्रोत्यांची हीच तक्रार असते. दोष ना त्यांच्या कानाचा, ना रागाचा. ऐकण्याच्या पद्धतीत काही चुका असतात, त्या सुधारता येतात.

तक्ता पाठ, स्वर मात्र ऐकलेच नाहीत

ही सगळ्यांत मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त वेळ घालवतो. कुठला राग कधीचा हे पाठ करून काही हाती लागत नाही. तो त्याच वेळेचा का वाटतो, हे स्वरांत शोधायला हवं. त्यासाठी जोड्या लावून ऐका.

भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत तेच पाच स्वर: सा, रे, ग, प, ध. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. भूपाचा जीव गंधारात, म्हणजे ‘ग’मध्ये आहे. गायक खाली-मध्ये रमतो, गंधारावर येऊन विसावतो. देशकारात धैवत, म्हणजे ‘ध’, वादी (रागातला मुख्य स्वर). सगळी हालचाल सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात, तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या ‘सा’च्या आसपास चालते. पाठोपाठ दोन्ही ऐकलेत तर तेच पाच स्वर एकदा दिवस मिटताना आणि एकदा दिवस उघडताना ऐकू येतील. वादी स्वर पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) असेल तर राग साधारणपणे मध्यान्हानंतरचा आणि उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात) असेल तर मध्यरात्रीनंतरचा, असं संगीतशास्त्रकार पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी मांडलं ते याच अनुभवावरून. त्याला अपवाद आहेत, पण सुरुवातीला हे सूत्र कामाला येतं.

मग मारवा, पूरिया आणि सोहनी. तिघांचे स्वर तेच: कोमल रिषभ (रे), तीव्र मध्यम (म), बाकी शुद्ध, पंचम (प) वर्ज्य. मारव्यात रिषभ आणि धैवत, पूरियात मंद्र (खालचं) सप्तक आणि गंधार-निषाद (ग-नी), सोहनीत तार षड्जाची ओढ. पहिले दोन सूर्यास्ताच्या बाजूचे, तिसरा रात्र सरतानाचा.

मध्यमाकडेही कान द्या. भैरव थाटाचे (थाट म्हणजे राग ज्यात बसवतात तो सात स्वरांचा साचा) बाकी सगळे स्वर तसेच ठेवून फक्त मध्यम तीव्र केला की पूर्वी थाट मिळतो. म्हणजे एका स्वरात पहाटेची संध्याकाळ होते. हे हार्मोनियमवर एकदा वाजवून बघा. मला संगीत येत नाही म्हणणाऱ्यालाही तो बदल कळतो.

घड्याळ बघून प्रहर मोजणं

प्रहर तीन तासांचा, दिवसाचे चार आणि रात्रीचे चार, इथवर बरोबर. पण संधिप्रकाशाचे राग उजेडाशी बांधलेले आहेत, सहा वाजण्याशी नाहीत. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासात होऊन जातात. जुलैत सहा वाजता मारवा लावलात तर बाहेर अजून दिवस असतो.

एका डिसेंबरात मी मुद्दाम दिवा न लावता मारवा ऐकला. खिडकीतला उजेड हळूहळू करडा होत होता. मारव्यात पंचम नसतो, म्हणून त्या गायकाने तानपुऱ्याची पहिली तार निषादाला लावलेली होती. गायक कोमल रिषभावर येऊन थांबायचा, षड्ज अगदी पायरीखाली असायचा आणि तरी तो षड्जावर उतरायचा नाही. पुन्हा धैवताकडे वळायचा. खोलीत भांडी, पुस्तकं दिसेनाशी झाली तेव्हा कुठे एकदाचा षड्ज लागला.

म्हणून ‘मारवा ऐकताना कासावीस व्हायला होतं, बंद करावासा वाटतो’ असं कुणी म्हटलं की मी त्याला सांगतो, तुला तो बरोबर ऐकू येतोय. षड्जाला टाळत राहणं हाच त्या रागाचा स्वभाव. थोडा धीर धर.

‘दरबारीत काहीच घडत नाही’

ही तक्रार बहुतेक वेळा मोबाइलच्या स्पीकरची असते. दरबारीचं घर मंद्र सप्तकात आहे. गंभीर, संथ, कोमल गंधारावर आणि धैवतावर आंदोलन, म्हणजे संथ झोका, घेत चालणारा राग तो. छोट्या स्पीकरमधून खर्ज, म्हणजे अगदी खालचे स्वर, जवळजवळ येतच नाही, तानपुऱ्याची खर्जाची तारही हरवते. मग जे उरतं ते रागाचं अर्धं अंग. साधे पण बरे हेडफोन वापरा आणि आवाज कमी ठेवा. रात्री अकरानंतर घर शांत झालं की तो आंदोलित गंधार एका जागी उभा नाही, झुलतोय, हे नीट कळेल.

पहिली दहा मिनिटं पुढे ढकलणं

आलाप (सुरुवातीचा संथ स्वरविस्तार) आणि विलंबित (संथ लय) टाळून थेट द्रुतवर (जलद लयीवर) जाण्याची सवय लागली आहे. ‘मॉर्निंग राग’ नावाच्या प्लेलिस्टमध्येही पुष्कळदा पाच-सहा मिनिटांचे तुकडेच असतात. द्रुतात आनंद आहेच, पण वेळेचा रंग विलंबितात भरला जातो. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, मिनिटभराचंही असू शकतं. पाच मिनिटांत अशी पाचच आवर्तनं होतात, तेवढ्यात गायक जेमतेम मध्य षड्जाच्या आसपास पोचलेला असतो. निदान पंचवीस मिनिटं एकच राग ऐका आणि रोज नवा राग घेऊ नका. एक आठवडा, एक राग, दोन-तीन वेगळे कलाकार.

रेकॉर्डचाही एक धडा इथेच. गायक उस्ताद अमीर खाँ यांच्या एका प्रसिद्ध एलपीवर एका बाजूला मारवा आहे, दुसऱ्या बाजूला दरबारी. दोन्ही अप्रतिम. पण सलग ऐकलं की मावळतीपासून मध्यरात्रीत एकदम उडी पडते आणि मारव्याचा ठसा पुसला जातो. मधे दोन-तीन तास जाऊ द्या.

दुपार विसरणं

मैफली संध्याकाळी होतात, फार तर पहाटे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले आणि उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला. 1953 साली सुरू झालेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवही एके काळी रात्रभर चालायचा. त्यामुळे उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी समोर बसून ऐकण्याचा योग आता क्वचित येतो, हे दुःख आहेच. दुपारच्या रागांच्या वाट्याला तर आधीपासूनच थोडं आलं. वृंदावनी सारंग, शुद्ध सारंग, भीमपलास, मुलतानी हे सुट्टीच्या दिवशी घरीच ऐकावे लागतात. मुलतानी तर अवश्य. तोडीचेच स्वर, पण आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य आणि पंचमावर भर. तोडी सकाळची, हा उतरत्या दुपारचा. त्याचा कोमल गंधार शुद्ध झाला की पूर्वी थाट येतो, म्हणजे मुलतानी संध्याकाळच्या उंबऱ्यावर उभा आहे. एका थाटातून दुसऱ्यात नेणाऱ्या अशा रागांना परमेलप्रवेशक म्हणतात.

वेळ चुकली की पाप, ही भीती

नाही. रंगभूमीवर आणि राजाज्ञेने गाताना काळाचा दोष लागत नाही, अशी सूट जुन्या संस्कृत ग्रंथपरंपरेनेच देऊन ठेवली आहे. रात्री रंगणाऱ्या आपल्या संगीत नाटकांत सकाळच्या रागांतली पदं हौसेने ऐकली गेली. मल्हाराचे प्रकार पावसाळ्यात, वसंत-बहार वसंत ऋतूत केव्हाही चालतात. नोकरीमुळे रात्रीच तोडी ऐकता येत असेल तर रात्री ऐका. फक्त महिन्यातून एखादा रविवार तिला तिची सकाळ द्या.

रागाला औषधाची गोळी समजू नका, एवढंच इथे सांगतो. अमुक राग म्हणजे अमुक आजारावर उतारा, असल्या याद्या बाजूला ठेवा.

दोन तक्त्यांत दोन वेळा दिसल्या तर

घाबरू नका. घराण्या-घराण्यांत थोडा फरक असतो. पण एक घोटाळा मात्र ओळखायला हवा, तो म्हणजे कर्नाटक आणि हिंदुस्थानी नावांची सरमिसळ. कर्नाटक संगीतातला हिंदोलम म्हणजे स्वरांनी आपला मालकंस. आपला हिंदोल वेगळा, तीव्र मध्यमाचा. तिकडची तोडी ऐकायला घेतलीत तर आपल्या भैरवीचे स्वर ऐकू येतील. शिवाय तिकडे वेळेचं बंधन आज मैफलीत फारसं पाळत नाहीत. हंसध्वनी, चारुकेशी यांसारखे राग तिकडून आपल्याकडे आले, त्यांच्या वेळेवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

भैरवीनंतर ऑटोप्ले

भैरवी तशी सकाळची, पण मैफलीची सांगता तिनेच होते, मग रात्रीचे नऊ वाजलेले का असेनात. तिच्यानंतर कुणी गात नाही. घरी ऐकताना मात्र शेवटचा षड्ज विरतो न विरतो तोच ऑटोप्ले दुसराच काहीतरी राग सुरू करतो. भैरवी लावण्याआधी ते बंद करा आणि संपल्यावर तानपुरा कानात राहील तेवढा वेळ तसेच बसून राहा.