जड पाण्यात बुरशीची वाढ कशी मोजावी

साठवणीतल्या कांद्यावर काळी भुकटी धरणारी ॲस्परजिलस नायजर ही बुरशी मला या प्रयोगासाठी सर्वांत सोयीची वाटते. तिचे तंतू आधी पांढरे असतात आणि बीजाणू धरू लागले की वसाहत काळी पडते, त्यामुळे तंतूंची वाढ आणि बीजाणूनिर्मिती डोळ्यांनीच वेगवेगळी टिपता येते. जड पाणी म्हणजे साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम हा त्याचा अधिक जड प्रकार असलेले पाणी. हे ड्युटेरियम किरणोत्सारी नसते. मात्र त्याचा कार्बनशी झालेला बंध तोडायला जास्त ऊर्जा लागत असल्याने पेशीतील अनेक रासायनिक क्रिया मंदावतात.

बटाटा-डेक्स्ट्रोज अगारची (बुरशी वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमाची) भुकटी लिटरला 39 ग्रॅम या प्रमाणात घेऊन 0, 25, 50, 75 आणि 100 टक्के जड पाण्याची माध्यमे तयार करावीत. जड पाण्याचा 1 मिलीलिटर सुमारे 1.1 ग्रॅम भरतो, म्हणून मिश्रणे तराजूवर न करता पिपेटने करावीत. शिवाय भुकटीतला हायड्रोजन साधाच असल्याने शेवटचे माध्यम पूर्ण शंभर टक्के कधीच नसते, हे नोंदवहीत लिहून ठेवावे.

सर्वाधिक काळजी निर्जंतुकीकरणात घ्यावी लागते. जड पाण्याची बाष्पाशी सतत अदलाबदल होते, आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, तर चहूकडे साध्या पाण्याचीच वाफ असते. सैल झाकणाच्या बाटलीत माध्यम नकळत पातळ होते आणि पुढची सगळी मोजमापे फसतात. म्हणून रबरी बूच व ॲल्युमिनियमची टोपी बसवलेल्या, दाब सोसणाऱ्या सिरम बाटल्या वापराव्यात आणि दाब पूर्ण उतरल्याशिवाय त्या उघडू नयेत. याच कारणाने प्रत्येक प्रमाणाच्या पेट्री डिश स्वतंत्र, प्रशस्त डब्यात ठेवून सोबत त्याच प्रमाणाच्या पाण्याची वाटी ठेवावी.

बुरशी लावण्यासाठी जुन्या वसाहतीतला अगारचा तुकडा ठेवला तर तो साधे पाणी बरोबर आणतो, त्यामुळे प्रत्येक डिशच्या मध्यभागी बीजाणू मिसळलेल्या पाण्याचा 1 मायक्रोलिटरचा थेंबच टाकावा. हे बीजाणू श्वासातून जाऊ नयेत म्हणून डिश सुरक्षा-कपाटातच (हवा गाळणाऱ्या प्रयोगशाळेतील कपाटात) उघडाव्यात. प्रत्येक प्रमाणाच्या किमान तीन डिश 28 अंश सेल्सियसला ठेवून दर 24 तासांनी एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी व्यास मोजावा आणि काळा रंग प्रथम कधी दिसला ते टिपावे.

व्यासाचा आलेख काढल्यावर सुरुवातीचा विलंब आणि नंतरच्या सरळ रेषेचा चढ वेगळे वाचावेत, कारण उशिरा रुजणे म्हणजे हळू वाढणे नव्हे. केवळ कोरड्या वजनावर मात्र विसंबू नये. ड्युटेरियम शोषलेली पेशी मुळातच जड असते. शेवटी सर्वाधिक जड पाण्यातल्या वसाहतीच्या कडेचा तुकडा साध्या माध्यमावर न्यावा: तिथे वाढीचा वेग पूर्ववत झाला, तर परिणाम कायमच्या जनुकीय बदलाचा नसून पाण्याचा होता असे मानायला आधार मिळतो.