सायकोडायनॅमिक शिकायला घेताय? आधी डोरा वाचा

सायकोडायनॅमिक म्हणजे मनात नकळत चालणाऱ्या गोष्टींवर काम करणारी, फ्रॉइडपासून सुरू झालेली पद्धत. एम.ए. सायकॉलॉजीला नुकतं अ‍ॅडमिशन घेतलेल्या मुलांचा प्रश्न ठरलेला असतो, फ्रॉइड आता जुना झाला ना, मग परीक्षेपुरत्या नोट्स काढल्या तर नाही का चालणार? मी पहिल्या वर्षी तेच केलं. इदम्, अहम्, पराहम् (फ्रॉइडने मनाचे केलेले तीन भाग: आतल्या ओढी, 'मी' आणि आतला कडक न्यायाधीश), त्यांच्यावरचं त्याचं 1923 सालचं पुस्तक, सगळं पाठ, मार्कही चांगले पडले, आणि इंटर्नशिपला क्लायंटसमोर बसले तेव्हा त्यातलं काही म्हणजे काही कामाला येईना.

एक कॉलेजातली मुलगी यायची (ओळख पटेल असं सगळं इथे बदललंय). सेशन पन्नास मिनिटांचं. चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास ती घड्याळाकडे बघून विचारायची, "ताई, तुम्हाला उशीर होतोय का?" मी लगेच "नाही गं, बोल तू" म्हणायचे आणि सेशन सव्वा तासावर जायचं. मला वाटायचं मी किती प्रेमाने करतेय! सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी थेरपिस्टसमोर आपली केस मांडायच्या वेळी, मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ती तसं विचारते तेव्हा तुला काय होतं?" मला आतून अपराधी वाटायचं, जणू मीच तिला घालवून देतेय. घरी जाताना बसमध्ये पूर्ण वेळ तेच डोक्यात, कारण तो अपराधीपणा मला तिच्यामुळेच वाटत होता, बाकी कुणाबरोबर तसं होत नव्हतं.

त्या आठवड्यात मॅडमनी डोराची केस वाचायला सांगितली. 1900 सालच्या ऑक्टोबरात अठरा वर्षांची ही मुलगी व्हिएन्नात फ्रॉइडकडे यायला लागली आणि वर्ष संपता संपता, 31 डिसेंबरला, उपचार सोडून निघून गेली. फ्रॉइडने ती केस 1905 मध्ये छापली. तिच्या स्वप्नांचे त्याने लावलेले अर्थ आज वाचताना बऱ्याच ठिकाणी चीड येते, तिचं म्हणणं तो ऐकूनच घेत नाही असं वाटतं. पण शेवटी तो स्वतःच कबूल करतो की ट्रान्सफरन्स मला वेळेत हाताळता आला नाही. म्हणजे पेशंट जुन्या नात्यातल्या भावना डॉक्टरवर आणते, ते त्याच्या उशिरा लक्षात आलं. स्वतःची फसलेली केस माणूस अशी मांडतो, ते वाचून मला हा विषय पहिल्यांदा जिवंत वाटला.

पुढच्या वेळी माझ्या त्या क्लायंटने उशिराचं विचारलं तेव्हा मी घाईने उत्तर दिलं नाही. म्हटलं, "असं अजून कुणाला विचारावंसं वाटतं?" ती बराच वेळ गप्प बसली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, आणि मग घरातल्या एका माणसाबद्दल बोलायला लागली ज्याचं नाव तोपर्यंत एकदाही निघालं नव्हतं. त्या दिवशी सेशन वेळेवर संपलं.

संरक्षण यंत्रणांचं, म्हणजे नकोशा भावनांपासून मन स्वतःला वाचवायला ज्या युक्त्या करतं त्यांचं, पाठांतर करू नका, आपल्या भाषेत त्या आहेतच. ऑफिसातला राग घरी पोरांवर काढणं, म्हणजे विस्थापन, हे आपल्याकडे वड्याचं तेल वांग्यावर. नाचता येईना अंगण वाकडं, कोल्ह्याला द्राक्षं आंबट, या स्वतःच्या अपयशाला सोयीचं कारण शोधण्याच्या (रॅशनलायझेशन) जवळपास तयार व्याख्याच आहेत. फ्रॉइडची जर्मन पण अशीच साधी होती, इदम् आणि अहम् साठी त्याने वापरलेले शब्द म्हणजे सरळ 'ते' आणि 'मी', लॅटिन अवतार इंग्रजी भाषांतरात आला. यंत्रणांची नीट मांडणी हवी असेल तर फ्रॉइडची मुलगी अ‍ॅना फ्रॉइड हिचं 1936 चं पुस्तक बघा. फक्त घरच्यांवर प्रयोग नकोत. मी दादाला जेवताना "हे तुझं प्रोजेक्शन आहे" (म्हणजे स्वतःच्या मनातलं तू दुसऱ्यावर ढकलतोयस) म्हटलं, तो ताट ठेवून उठला, आणि त्याचं बरोबरच होतं.

टीका पण वाचाच. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याचा आक्षेप की ही थिअरी चूक ठरवताच येत नाही, मनोविश्लेषक कॅरन हॉर्नीने फ्रॉइडच्या बायकांबद्दलच्या मांडणीला दिलेलं उत्तर, दोन्ही महत्त्वाचे. आणि हे सगळं युरोपातलंच असं समजू नका, गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये कलकत्त्यात इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी काढली, फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि इडिपसच्या (मुलाला आईची ओढ आणि बापाशी चढाओढ, ही फ्रॉइडची कल्पना) बाबतीत त्यांनी आपलं वेगळं मत त्याला कळवलं होतं. आपल्या सिलॅबसमध्ये ते एका ओळीत उरकतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

करिअरचं थोडक्यात. नुसत्या एम.ए.वर तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, त्यासाठी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेला कोर्स आणि तिथलं रजिस्ट्रेशन लागतं. कोर्स बदलत असतात, फी भरायच्या आधी कौन्सिलची यादी स्वतः बघा, कॉलेजच्या माहितीपत्रकावर जाऊ नका. सायकोडायनॅमिक काम करायचं असेल तर स्वतःची थेरपी आणि नियमित सुपरव्हिजन याचा खर्च पहिल्यापासून धरून चाला, पैसे कमी पडले तर एखादं वर्कशॉप सोडा पण सुपरव्हिजन सोडू नका.

आणि एक वही करा. डाव्या पानावर क्लायंट काय म्हणाला, उजव्या पानावर तेव्हा तुम्हाला काय वाटलं, झोप आली, राग आला, घड्याळ बघितलं, जे असेल ते. नावं लिहू नका, वही कुलपात ठेवा. माझी पहिले दोन महिने उजवी पानं कोरीच होती.