हयात रचनाकारांचे पाश्चात्य संगीत ऐकायला कसे लागावे

पाश्चात्य अभिजात संगीत म्हटले की बाख, मोझार्ट, बेथोव्हेन ही नावे समोर येतात आणि ही परंपरा केव्हाच संपली, असा समज होतो. प्रत्यक्षात त्या परंपरेत आजही नव्या रचना लिहिल्या जात आहेत. त्यांच्याकडे इतिहासाच्या क्रमाने जाऊ नये. मी वीस नावांची यादी घेऊन बसलो होतो आणि तिसऱ्या नावावर कंटाळलो. लय आणि आवर्तन आपल्याला आधीच कळते, तेव्हा तिथूनच आत शिरावे.

पहिली रचना स्टीव्ह राइक (जन्म १९३६) यांची 'क्लॅपिंग म्युझिक' (१९७२) घ्यावी. तिच्यात वाद्य एकही नाही. दोन माणसे केवळ टाळ्या वाजवतात. ऐकण्याआधी कागदावर बारा मात्रा मांडून १, २, ३, ५, ६, ८, १० आणि ११ या मात्रांवर टाळी देऊन पाहावी. दोघेही या आकृतिबंधाने एकत्र सुरुवात करतात. मग पहिला आहे तिथेच राहतो, दुसरा ठरावीक आवर्तनांनंतर एकेक मात्रा सरकत जातो आणि बारा वेळा सरकल्यावर दोघे पुन्हा एकमेकांना गाठतात. एकताल अंगात मुरलेल्या श्रोत्याचीही यात दाणादाण उडते, कारण कान सरकणाऱ्या टाळीमागे धावतो. त्यावर उपाय म्हणजे पहिल्याचा ठेका गुडघ्यावर बोटाने धरून ठेवणे. ठाण्याहून वाशीला लोकलने जाताना ऐरोलीला ही रचना लावली, की घणसोलीच्या आत संपते.

आर्वो पेर्त (जन्म १९३५) यांचे 'श्पीगेल इम श्पीगेल' (१९७८) मात्र लोकलमध्ये ऐकू नये. पियानोचे सुटे स्वर आणि त्यांवर व्हायोलिनची अतिशय संथ चाल एवढाच त्याचा ऐवज असल्याने त्याला रात्रीची शांतताच हवी, आणि ती ठाण्याच्या नौपाड्यात अकरानंतरच मिळते.

प्रत्यक्ष मैफलीसाठी मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रापर्यंत जावे लागते. तेथील सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये स्थापन झाला. कार्यक्रमपत्रिकेत ज्या रचनाकाराच्या जन्मवर्षापुढची जागा रिकामी असेल, त्याची रचना आदल्या आठवड्यात दोनदा ऐकून जावी.

कान थोडा तयार झाला, की फिलिप ग्लास (जन्म १९३७) यांच्या 'सत्याग्रह' (१९८०) या ऑपेराकडे वळावे. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील वर्षांवरील या ऑपेराची संहिता गीतेतून घेतलेली आणि संस्कृतातच आहे, त्यामुळे घरी गीतेचे पठण ऐकलेल्याला शब्द ओळखीचे वाटतात. साडेतीन तासांच्या संपूर्ण प्रयोगाआधी शेवटचे गीत ऐकावे. 'बहूनि मे व्यतीतानि' हा चौथ्या अध्यायातील श्लोक तिथे येतो आणि गायक एकच आरोही स्वरपंक्ती पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. पाश्चात्य परिभाषेत ती फ्रिजियन आहे. पेटीवर वाजवून पाहिली, तर रिषभ, गंधार, धैवत, निषाद चारही कोमल लागतात, म्हणजे मैफलीची सांगता इथेही भैरवीच्याच स्वरांनी होते.